एक विषाणू जुनाट, एक रोज नवा

दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टर्सच्या जिन्याखाली मांजरं हमखास दिसतात. कुणी दूध ओततं, कुणी पोळीचा तुकडा टाकतं आणि एकाच वाटीला चार-पाच तोंडं लागतात. मग एखादं पिल्लू शिंकू लागतं, डोळे चिपडांनी चिकटतात, तोंड येऊन खाणं सुटतं.

यामागे बहुधा हर्पीस किंवा कॅलिसी यांपैकी एक विषाणू असतो. हर्पीसचा जनुकसंच डीएनएचा, सुमारे 1,35,000 अक्षरांचा आणि कमालीचा स्थिर. मांजर बरं झालं तरी तो चेहऱ्याच्या चेतातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि ताण आला की उसळतो. बदलायची त्याला फारशी गरजच पडत नाही.

कॅलिसीला बदलल्यावाचून गत्यंतर नाही. न्यूझीलंडमधून 1957 साली त्याची पहिली नोंद झाली. त्याचा आरएनए जेमतेम 7,700 अक्षरांचा, आणि त्याची नक्कल करणारं विकर झालेली चूक सुधारत नाही. बऱ्याचशा चुका विषाणूलाच भोवतात. पण बाह्य आवरणातल्या प्रथिनाचा एक भाग असा आहे, की तिथली चूक पथ्यावर पडते: प्रतिपिंडं नेमकी तिथेच चिकटतात, आणि आकार बदलला की त्यांचा नेम चुकतो. म्हणून ‘एफ 9’सारख्या जुन्या वाणाची लस आजार सौम्य करते, संसर्ग मात्र रोखत नाही.

लिव्हरपूलच्या संशोधकांनी एकत्र राहणाऱ्या मांजरांवर दीर्घकाळ नजर ठेवली. थोडी मांजरं सतत विषाणू सोडत होती, बरीचशी अधूनमधून, तर काहींत तो कधीच सापडला नाही. गर्दीत जुनी बाधा ओसरते न ओसरते तोच बदललेला विषाणू पुन्हा गाठतो.

कधी हा बदल भयंकर ठरतो. 1998 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात चेहरा आणि पंजे सुजून लस घेतलेली मोठी मांजरंही दगावली. पुढे अशा उद्रेकांतले विषाणू ताडून पाहिले, तर सगळ्यांत समान असं एकही उत्परिवर्तन हाती लागलं नाही. प्रत्येक ठिकाणी तो स्वतंत्रपणेच उपजला असावा.

माणसाला याची बाधा होत नाही, पण आपले हात आणि कपडे त्याला या जिन्यावरून त्या जिन्यावर नेतात. आपल्याकडे दूध घालणारे पुष्कळ, लस टोचून आणणारे थोडे! शिंकणाऱ्या पिल्लाची वाटी वेगळी ठेवा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा विषाणू फारशी दाद देत नाही. वाटी पातळ ब्लीचने धुऊन नीट विसळा. बाकीच्या पिल्लांना सहा-आठ आठवड्यांची झाली की लस सुरू करा.