ठिबकचा ड्रिपर आणि अवकाशयान

शेतातून काढून टाकलेला ठिबकचा गोल ड्रिपर धुऊन हातात घ्या. वरची टोपी फिरवून उघडली की आत नागमोडी खाचांची वाट दिसते. पाण्याचा जोर मोडायचा आणि ते थेंबाथेंबाने सोडायचं, एवढंच तिचं काम. खाली नळीत रुतणारं टोक, कडेला बोटांच्या पकडीसाठी दाते. चिकोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यात असे निकामी ड्रिपर बांधावर पडलेले असतात, त्यांना कोणी विचारत नाही. आता तोच ड्रिपर राखाडी रंगवून एका चपट्या तुकड्यावर उलटा बसवा. शेजारी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या कचऱ्यातला एखादा कनेक्टर आणि तुटक्या प्रिंटरमधलं एक दातेरी चाक लावा. बघणारा विचारील, "हे इंधन भरायचं तोंड का?" त्याने असं विचारलं की निम्मं काम झालं.

विज्ञानकथेतली अवकाशयानं छोट्या आकारात, स्वतःच्या हाताने, कोणत्याही तयार संचाशिवाय घडवायची आणि रंगवायची, असा हा छंद आहे. इंग्रजीत त्याला स्क्रॅच बिल्डिंग म्हणतात. संचात प्रत्येक भागाला नंबर असतो आणि सोबत चित्रांचा कागद येतो. इथे ना नंबर, ना कागद. जगात नसलेल्या वस्तूची प्रतिकृती करायची आहे, त्यामुळे ती चुकली असं कोणी म्हणू शकत नाही. पण ती खोटी वाटली, असं मात्र कोणीही म्हणू शकतं. सगळी कसोटी तिथेच लागते.

या हुन्नराचे मूळ कारागीर सिनेमा आणि टेलिव्हिजनच्या कार्यशाळांतले. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' मालिकेतलं एंटरप्राइज हे यान मुख्यतः लाकडाचं होतं, लांबी अकरा फुटांहून थोडी जास्त. आत दिवे बसवल्यावर त्यांच्या तारा डाव्या अंगाने बाहेर काढल्या. त्यामुळे ती बाजू कॅमेऱ्याला दाखवायची सोयच उरली नाही आणि यानाचं चित्रण उजव्या अंगानेच होत राहिलं. आज हे मॉडेल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान व अवकाश संग्रहालयात आहे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये 'थंडरबर्ड्स' या कठपुतळ्यांच्या मालिकेसाठी डेरेक मेडिंग्ज आणि त्याचे सहकारी यानं बनवत होते. त्यांनी दोन गोष्टी रूढ केल्या. एक, बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या संचांतले सुटे भाग यानाच्या अंगावर चिकटवायचे. दुसरी, नवंकोरं यान मुद्दाम मळवायचं. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात हीच रीत फार वरच्या पातळीला गेली. त्यातल्या डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल चोपन्न फूट लांब होतं.

मग १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला. त्याचा दिग्दर्शक जॉर्ज लुकास याने १९७५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका गोदामात इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही कार्यशाळा उघडली होती. तिथल्या मंडळींनी दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांचे, तोफांचे, युद्धनौकांचे संच ढिगाने विकत आणले, ते फोडले आणि त्यांतले भाग यानांच्या पाठीवर पेरले. या बारीक भागांना छंदाच्या बोलीत ग्रीबल म्हणतात. कुठल्या यानावर कुठल्या रणगाड्याचं कुठलं झाकण आहे, हे ओळखून काढणारे हौशी लोक आजही जगभर आहेत. मूळ संच मिळवून तोच भाग त्याच जागी बसवला की त्यांना समाधान वाटतं.

त्या चित्रपटाचं पहिलंच दृश्य या कलेचा धडा आहे. एक लहान यान पळतंय आणि मागून डोक्यावर छप्पर सरकावं तसं अजस्र यान येतं, संपता संपत नाही. प्रत्यक्षात त्या अजस्र यानाचं मॉडेल जेमतेम तीन फुटांचं होतं. पळणाऱ्या लहान यानाचं मॉडेल त्याच्या दुप्पट, सहा फुटांच्या आसपास. कारण ते आधी दुसऱ्याच यानासाठी बांधलं होतं आणि नंतर कथेत त्याची भूमिका बदलली. दोन्ही एका चौकटीत घ्यायची वेळ आली तेव्हा लहान यानाचा बोटभर नमुना करून मोठ्याच्या पुढे अडकवला. प्रेक्षकाला यातलं काही कळलं नाही. डोळा फूटपट्टी लावत नाही. पृष्ठभागावरचा तपशील जितका बारीक, तितकी वस्तू मोठी, असा तो हिशेब करतो. तीन फुटांचं यान मैलभर वाटलं, कारण त्याच्या अंगावर नखाएवढे शेकडो तुकडे होते आणि त्यांच्या मधल्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या.

या मोकळ्या जागा नवशिक्याला सुचत नाहीत. ड्रिपर, स्क्रू, सर्किटचे तुकडे जमले की तो सगळे चिकटवून मोकळा होतो, आणि यानाऐवजी भंगाराचा गोळा तयार होतो. जाणता माणूस इंजिनाभोवती, सांध्यांच्या खाचांत, पोटाखाली दाटी करतो. पाठीचा मोठा पत्रा मोकळा ठेवतो आणि त्यावर सुरीच्या टोकाने फक्त जोडरेषा ओढतो. प्रत्येक तुकड्यामागे काहीतरी कारण असावं लागतं. नळी कुठून तरी निघून कुठे तरी पोचली पाहिजे. झाकण उघडायला माणसाचा हात तिथवर गेला पाहिजे.

माणसाचा हात म्हटलं की प्रमाण आलं. हौशी लोक नेहमी वापरतात ते १:७२ हे प्रमाण घेतलं, तर पावणेसहा फुटी माणूस अडीच सेंटीमीटरहून थोडा कमी होतो. फूटभर लांबीचं यान या मापात बावीसेक मीटरचं भरतं, म्हणजे मागे-पुढे लावलेल्या दोन एसटी गाड्यांएवढं. तेच फूटभर यान १:१००० धरलं तर तीनशे मीटरचं होतं आणि दार दोन मिलिमीटरवर येतं. तिथे ड्रिपर झाकण म्हणून चालत नाही. तो अख्खा मनोरा होतो. आकार तोच, तुकडा तोच, पण शेजारी खिडकी केवढी काढली यावर त्याचा अर्थ ठरतो.

लघुरूपं घडवायची सवय आमच्या भागाला नवी नाही. दिवाळीत बेळगाव, निपाणी, कोल्हापूरच्या गल्ल्यांतून पोरं किल्ले बांधतात. दगड-विटा रचून वर गोणपाट टाकायचं, त्यावर चिखलाचा लेप, आणि अळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत जंगल उगवायचं. त्या किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात आणि तोफेजवळचा मावळा बुरुजाला डोकं लावून उभा असतो. कोणाला ते खटकत नाही, कारण तिथे उंची मानाने ठरते. अवकाशयानात एवढी चूक झाली तर खेळ संपला. एक खिडकी दुप्पट मोठी काढली की तीनशे मीटरचं यान दीडशेवर येतं. किल्ला बांधलेल्या पोराला चिखल, चिकाटी आणि जुगाड येतो. त्याला शिकायची असते ती फक्त ही मापाची शिस्त.

सामान चिकोडीच्या बाजारात मिळतं, फक्त ते कुठल्या दुकानात कुठल्या नावाने ठेवलंय हे कळायला हवं. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडे सनबोर्डाची कातरणं असतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगची केसिंग पट्टी मिळते. तिच्या कडा इतक्या सरळ की यानाचा कणा तिचाच करावा. मात्र काय कशाला चिकटतं, हे आधी समजून घ्यावं. परदेशी संचांचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. सजावटीचा थर्माकोलही पॉलिस्टायरीनच, फक्त फुगवलेला. गणपतीच्या मखरावर कधी घाईने स्प्रेचा डबा मारला असेल, तर थर्माकोल कसा विरघळून खड्डे पडतात ते ठाऊक असेल. रंगातलं द्रावक पॉलिस्टायरीन खातं. संच जोडण्याचा खास गोंद नेमका याच गुणावर चालतो. तो दोन्ही कडा किंचित वितळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर सांधा एकजीव होतो. थर्माकोल वाचवायचा असेल तर आधी फेविकॉलचा किंवा पाण्यातल्या रंगाचा जाड हात द्यावा.

ठिबकचे भाग आणि बाटल्यांची झाकणं यांची गोष्ट उलटी. ती पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिइथिलीनची असतात आणि त्यांना ना गोंद धरत, ना रंग. फेविक्विकने बसवलेला ड्रिपर महिन्याने टक्कन निघून येतो. त्याला खरखरीत पॉलिश पेपरने घासावं, आरपार भोक पाडून तार ओवावी किंवा मागून एम-सीलने जखडावं, आणि मगच प्रायमर मारावा. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा कोरलेला असला तर तो वाचावा: ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसीला शेतीच्या पाइपांचं सोल्युशन चालतं. पारदर्शक खिडकीजवळ मात्र फेविक्विक नेऊ नये. त्याच्या वाफेने प्लॅस्टिकवर पांढरी झाक येते आणि ती पुसून जात नाही.

रंगकामाचे उस्ताद तर हायवेवरच बसलेत. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर निपाणीच्या आसपास डेंटिंग-पेंटिंगची जी गॅरेजं आहेत, तिथे तासभर उभं राहिलं तरी खूप शिकता येतं. आधी लांबी म्हणजे पुट्टी भरायची, वॉटर पेपरने घासायची, राखाडी प्रायमरचा पातळ हात मारायचा. एकाच रंगाचा थर बसला की दडलेला प्रत्येक ओरखडा वर येतो. परत लांबी, परत घासणं. रंग नेहमी पातळ आणि दोन-तीन हातांत. इथवर गॅरेजवाला आणि यानवाला एकाच वाटेने जातात. त्यानंतर गॅरेजवाला चकाकी आणतो आणि यानवाला ती घालवायला लागतो.

मूळ रंगावर मास्किंग टेप लावून काही चौकोन एक छटा गडद, काही एक छटा फिके करायचे. मग तैलरंगातला गडद तपकिरी आणि काळा टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून जोडरेषेवर ब्रश टेकवायचा. रंग आपणहून खाचेतून धावत जातो. पंधरा-वीस मिनिटांनी कापडाने वरचं पुसलं की रेषेत तेवढी सावली उरते. खालचा रंग ॲक्रिलिक असेल तर टर्पेंटाइन त्याला काही करत नाही. यासाठी परदेशी बाटल्याच हव्यात असंही नाही. दिगंबर दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनच्या ट्यूब तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातही मिळतात. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिका रंग घासायचा आणि मॅट वॉर्निशने सगळं बंद करायचं.

मळवणं कुठे आणि किती, हे शिकायला गळीत हंगामातला ट्रॅक्टर पाहावा. पायरीवर बूट घासतो तिथला रंग आधी जातो. बॉनेटच्या कडीभोवती हाताच्या मळाचं काळं वर्तुळ असतं. डिझेलच्या झाकणाखाली ओघळ उतरतो, आणि ट्रॉलीची आतली बाजू उसाच्या मोळ्यांनी लांबलांब खरवडलेली असते. प्रत्येक डागाला कारण असतं. यानावर तसंच कारण शोधावं: इंजिनाजवळ भाजल्याची काळी-निळी झाक, माल चढवायच्या दाराशी ओरखडे, पायऱ्यांवर झीज. अवकाशात पाऊस नाही, म्हणून खाली उतरणारे गंजाचे ओघळ काढायचे तर हे यान कुठल्या तरी पावसाळी ग्रहावर उतरत असणार, हेही ठरवलेलं बरं.

ज्यांना बांधण्याचा पसारा नको त्यांच्यासाठी नुसतं पुन्हा रंगवणं आहे. दुकानातलं धातूचं किंवा प्लॅस्टिकचं छोटं यान आणायचं, कारखान्याचा रंग उतरवायचा आणि नव्याने चढवायचा. धातूला रंगाच्या दुकानातला रिमूव्हर चालतो, पण तोच प्लॅस्टिकवर पडला तर यानाचा लगदा होतो. कडक प्लॅस्टिकचा रंग उतरवायला गॅरेजचं ब्रेक ऑइल ही छंदातली जुनी युक्ती. त्यात रात्रभर भिजवून जुन्या टूथब्रशने घासतात. मात्र हातमोजे हवेत आणि खिडकी उघडी हवी.

आता संगणकावर यान रेखाटून थ्रीडी प्रिंटरवर छापता येतं, मग ही खटपट कशाला, असा प्रश्न येतोच. पण सिनेमावाल्यांनीही हे काम सोडलेलं नाही. २०१९ च्या 'द मँडलोरियन' या मालिकेत नायकाच्या यानाचं खरं मॉडेल बनवून चित्रित केलं गेलं. त्यात छापलेले भागही होते आणि हाताने बसवलेलेही. जुन्या कामाची किंमत तर डोळे पांढरे करणारी आहे. ग्रेग जीन हा हॉलिवूडचा नामांकित मॉडेल कारागीर. १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स'मधलं प्रचंड यान त्याच्या चमूने घडवलं आणि गंमत म्हणून त्यावर टपालपेटी, मोटार, एवढंच काय, छोटीशी दफनभूमीही लपवून ठेवली. २०२२ मध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या संग्रहात 'स्टार वॉर्स'चं एक दीड-पावणेदोन फुटी एक्स-विंग यान सापडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिलावात ते ३१ लाख डॉलरना गेलं. त्या रकमेत प्लॅस्टिकचे काही रुपयेच असतील. बाकीचे पैसे नजरेचे.

ही नजर घडवायला सुरुवात लहान करावी. वीतभर लांबी, दोन वापरून झालेले रेझर, एक निकामी माउस, केसिंग पट्टीचा तुकडा आणि चार ड्रिपर एवढ्यावर पहिलं यान होतं. ते बेढब होईल, होऊ द्यावं. फक्त गोंदाची ट्यूब उघडण्याआधी पुठ्ठ्याचा एक माणूस कापून टेबलावर उभा करावा, आणि प्रत्येक तुकडा लावताना त्याला विचारावं, की बाबा, तुझा हात इथे पोचतो का? नाही म्हणाला तर तुकडा काढून डब्यात परत टाकावा. दुसऱ्या यानात तो नक्की लागतो.