पॅरासिटामॉल-संवेदक, कार्बनी

पॅरासिटामॉल या वेदनाशामक व ज्वरशामक औषधाचे विद्रावातील प्रमाण कार्बनी विद्युत् अग्रांच्या साहाय्याने मोजणारी साधने. हे औषध योग्य मात्रेत निर्धोक असले, तरी अतिमात्रेमुळे यकृतास गंभीर इजा होते. ॲसिटिल सिस्टीन हा उतारा औषध घेतल्यापासून ८ तासांच्या आत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. परंतु या काळात रोग्यास विशेष त्रास जाणवेलच असे नाही. त्यामुळे रक्तातील प्रमाण त्वरित कळणे महत्त्वाचे असते.

तत्त्व : विद्युत् अग्राचे वर्चस् क्रमाने वाढवीत नेल्यास विशिष्ट वर्चसाला पॅरासिटामॉलाचा प्रत्येक रेणू २ इलेक्ट्रॉन व २ प्रोटॉन गमावतो, म्हणजेच त्याचे ऑक्सिडीभवन होते. त्यामुळे वाहणाऱ्या प्रवाहाच्या आलेखात एक शिखर दिसते व त्याची उंची काही मर्यादेपर्यंत औषधाच्या संहतीच्या सम प्रमाणात असते. या विक्रियेत बनणारे क्विनोन-इमाइन संयुगच यकृतातही तयार होते व अतिमात्रेत घातक ठरते. शरीरास अपायकारक असणारे रूपांतर अशा रीतीने येथे मापनास उपयोगी पडते.

कार्बनी द्रव्ये : ग्रॅफाइटाची भुकटी व तेल यांच्या लगद्याचे विद्युत् अग्र १९५८ मध्ये राल्फ ॲडम्स यांनी पुढे आणले. साध्या कार्बनी अग्रांवर रक्तातील ॲस्कॉर्बिक अम्ल (क जीवनसत्त्व) व यूरिक अम्ल यांची शिखरे पॅरासिटामॉलाच्या शिखरात मिसळण्याचा संभव असतो. सुमिओ ईजिमा यांच्या १९९१ मधील निरीक्षणांमुळे प्रसिद्धीस आलेल्या कार्बन नलिका (ग्रॅफाइटाचे पापुद्रे गुंडाळल्याप्रमाणे रचना असलेल्या, काही नॅनोमीटर जाडीच्या नळ्या) वापरल्यास अग्राचे क्रियाशील पृष्ठ वाढते व इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण सुलभ होते. परिणामी शिखरे उंच होतात व पुष्कळदा एकमेकांपासून स्पष्टपणे अलग होतात.

मुंबई विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील बंकिम संघवी व अश्विनी श्रीवास्तव यांनी २०१० मध्ये बहुभित्ती कार्बन नलिकांच्या लगद्याचे अग्र व पृष्ठक्रियाशील पदार्थ (साबणाप्रमाणे पृष्ठभागी गोळा होणारा पदार्थ) यांचा उपयोग करून पॅरासिटामॉल, ॲस्पिरीन व कॅफीन एकाच वेळी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. डोकेदुखीवरील काही गोळ्यांत ही तिन्ही द्रव्ये एकत्र असतात. म्हणून औषधांच्या गुणवत्ता-नियंत्रणात अशा पद्धती उपयुक्त ठरतात.

मर्यादा : रक्तातील प्रथिने अग्रावर चिकटून त्याची संवेदनक्षमता घटवितात. तसेच निरनिराळ्या वेळी बनविलेल्या नलिकांचे गुणधर्म तंतोतंत सारखे नसतात. यास्तव प्रत्येक अग्राचे ज्ञात संहतीच्या विद्रावांनी अंशन (मापनाचे प्रमाण ठरविणे) करावे लागते. अन्यथा उतारा देण्याचा निर्णय चुकीच्या आकड्यावर आधारला जाण्याचा धोका संभवतो.