अंगात ताप, यकृतात धावपळ

संसर्ग फुप्फुसात असो वा मूत्रमार्गात, त्याची खबर यकृताला लागतेच. रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेले ‘इंटरल्यूकिन-६’सारखे रासायनिक निरोप रक्तातून तिथे पोहोचतात आणि यकृताच्या कामाचा क्रमच बदलतो.

• सीआरपी : १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेले हे प्रथिन मुख्यतः यकृतात बनते. काही तासांत वाढू लागते, साधारण दोन दिवसांत कळस गाठते. तीव्र संसर्गात पातळी हजारपटीपर्यंत जाऊ शकते.

• अल्ब्युमिन : याचे उत्पादन मागे पडते. रिपोर्टमधला कमी आकडा दर वेळी कुपोषणाचाच नसतो.

• लोह : हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि लोह पेशींतच कोंडले जाते. जंतूंची उपासमार होते. पण दुखणे लांबले, तर रुग्णालाच रक्तक्षय होतो.

• साखर, चरबी : यकृत जादा ग्लुकोज तयार करते. त्यामुळे मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढू शकते. ट्रायग्लिसराइडही वाढतात.

• औषधे : त्यांचे विघटन करणारी विकरे मंदावतात. दम्यावरचे थिओफिलिन नेहमीच्याच मात्रेत रक्तात साचू शकते.

आजारात चरबीचे आकडे असे बदलतात, म्हणून लिपिड (चरबीची) तपासणी शक्यतो आजारातून पूर्ण बरे झाल्यावर करावी.