प्रोसेसरमधली 'रजिस्टर फाईल' इतकी वीज का खाते?

मोबाईलवर नकाशा लावून थेरगावच्या डांगे चौकातून चाकणला निघालात, तर पोहोचेपर्यंत फोन बऱ्यापैकी गरम होतो. स्क्रीन आणि नेटवर्क ही कारणं आहेतच. पण प्रोसेसरच्या आतही वीज खाणारी एक छोटी जागा आहे, रजिस्टर फाईल.

नेमकं काय असतं?

लेथवरचा कामगार लागणारी हत्यारं हाताशी ठेवतो, बाकीची स्टोअरमध्ये. प्रोसेसरसाठी रॅम म्हणजे स्टोअर आणि रजिस्टर फाईल म्हणजे हाताजवळचं टेबल. बेरीज करायची तर दोन रजिस्टर वाचायचे आणि उत्तर तिसऱ्यात लिहायचं.

वीज कुठे जाते?

एकाच वेळी ४ बेरजा करायच्या, तर वाचायला ८ आणि लिहायला ४ वाटा लागतात. या वाटा म्हणजे पोर्ट. प्रत्येक पोर्टसाठी प्रत्येक बिटजवळून आडव्या आणि उभ्या नव्या तारा न्याव्या लागतात. त्यामुळे पोर्ट दुप्पट झाले की जागा साधारण चौपट होते. तारा लांबतात आणि दर वेळी जास्त वीज लागते.

मग रजिस्टरच कमी केले तर? रॅमच्या चकरा वाढतात आणि त्या आणखी महाग पडतात.

उपाय काय?

पहिला, फाईलचे छोटे भाग करायचे आणि हवा तोच भाग जागा करायचा. दुसरा, ताजं उत्तर लगेच लागणार असेल तर ते पुढच्या सूचनेला थेट द्यायचं, म्हणजे फाईल पुन्हा वाचावी लागत नाही. तिसरा, दोन प्रती ठेवून पोर्ट वाटून घ्यायचे. १९९८ च्या अल्फा २१२६४ प्रोसेसरने मुख्यतः वेगासाठी हेच केलं होतं.

महाराष्ट्रातलं उदाहरण

आयआयटी मुंबईने २०१९ मध्ये 'अजित' हा प्रोसेसर समोर आणला. तो स्पार्क व्ही-८ नियमांवर चालतो. या नियमांनुसार प्रोग्रामला एका वेळी ३२ रजिस्टर दिसतात, पण आत त्यांचे अनेक संच ठेवता येतात. ८ संच ठेवले तर एकूण १३६ रजिस्टर होतात. शेजारचे संच एकमेकांत थोडे मिसळलेले असतात. त्यामुळे एका फंक्शनमधून दुसऱ्यात जाताना आकडे बहुतेक वेळा रॅममध्ये ठेवावे लागत नाहीत. पण टेबल मोठं होतं, त्याची वीज मोजावी लागते.

म्हणूनच डिझायनर आधी ठरवतो की चिप कशासाठी आहे. वीज मीटरमधल्या चिपला एका वेळी एक सूचना पुरते, म्हणजे पोर्टही मोजकेच लागतात. फोनला वेग हवा असतो, त्याची किंमत बॅटरी देते.