सेलिमियेचे खरे कूळ

तुर्कस्तानातील एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीविषयी लिहिताना बहुतेक जण इस्तंबूलच्या हाया सोफियापासून सुरुवात करतात. त्याला कारणही आहे. सुलतान दुसऱ्या सेलीमसाठी १५६८ ते १५७५ या काळात ही मशीद उभारणाऱ्या मिमार सिनानच्या आठवणी साई मुस्तफा चेलेबीने लिहून ठेवल्या आहेत. आपला घुमट हाया सोफियाहून उंच आणि रुंद आहे, असा दावा त्यांत आहे. मोजमापे मात्र वेगळेच सांगतात. सेलिमियेचा घुमट ३१ मीटरहून थोडा रुंद, म्हणजे जवळपास हाया सोफियाएवढाच. जमिनीपासूनची उंची तर दहा मीटरहून अधिक कमी. ही मशीद समजून घ्यायची, तर एदिर्नेतल्याच एका जुन्या मशिदीकडे वळायला हवे, असे माझे मत आहे.

ती म्हणजे १४४७ मध्ये पुरी झालेली उच शेरेफेली. तिथे सुमारे २४ मीटरचा घुमट सहा आधारांवर पेलला आहे. चार भिंतींत मुरले आहेत; दोन दालनात मोकळे उभे आहेत आणि इतके जाड आहेत की बाजूचे भाग मधल्या जागेपासून तुटतात. सिनानने सहाचे आठ केले. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीत अष्टकोन त्याने आधी लहान प्रमाणावर करून पाहिला होता. आठ खांबांमुळे प्रत्येक कमानीला कमी अंतर ओलांडावे लागते, खांब कडेला सरकवता येतात, आणि भार खांबांनी उचलल्याने भिंतींत खिडक्यांच्या रांगा मावतात. दारातून आत येताच अख्खे दालन एका नजरेत सामावते. मिनारांतही हेच नाते दिसते. उच शेरेफेलीच्या एका मिनारात तीन सज्जांना तीन स्वतंत्र जिने आहेत. सेलिमियेच्या चारपैकी दोन मिनारांत सिनानने तीच करामत केली, तीही सुमारे ७० मीटर उंचीच्या, कितीतरी सडपातळ बांधणीत. तीन माणसे एकाच वेळी चढली, तरी वाटेत एकमेकांना भेटत नाहीत!

हाया सोफियाची ईर्षा नसती, तर घुमट नेमका तेवढाच कशाला केला असता, असे कोणी विचारील. आकारापुरते हे मान्यच करावे लागते. पण हाया सोफियात चार खांब आहेत आणि दोनच बाजूंना अर्धघुमट, त्यामुळे जागा एका दिशेला लांबत जाते. अष्टकोनाकडे नेणारी वाट तिथून निघत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मुअज्जिनांचा चौथरा सिनानने बरोबर घुमटाखाली, मधोमध ठेवला आणि मिहराबकडे जाणारी नजर अडवली. अडते खरी. तरीही तो चौथरा, त्याखालचे छोटे संगमरवरी कारंजे आणि वरचा घुमटाचा मध्य एका रेषेत येतात, आणि आठही खांब ज्या बिंदूभोवती रचले आहेत तो बिंदू जमिनीवर दिसू लागतो. सिनानने नजरेपेक्षा मध्याला मान दिला, आणि मला ते बरोबर वाटते.