आभाळावर आदळून नांदगावात उतरलेलं रॉक अँड रोल

अमरावतीहून यवतमाळला निघालं की बडनेऱ्यानंतर नांदगाव खंडेश्वर लागतं. गावाची ओळख खंडेश्वराच्या यादवकालीन दगडी मंदिराची. इथून कोलंबो साधारण दीड हजार किलोमीटर. तरीही १९५०च्या दशकात ज्याच्या घरी चांगला रेडिओ, त्याच्याकडे बुधवारी रात्री आठला थेट कोलंबो बोलू शकायचं. रेडिओ सिलोन, त्यावरचा हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम बिनाका गीतमाला आणि निवेदक अमीन सायानी! मधे ना तार, ना टॉवर. मग ते गाणं यायचं कुठून?

वरून. अक्षरशः वरून. जमिनीपासून साधारण साठ किलोमीटरच्या वर हवा अतिशय विरळ असते आणि सूर्याचे प्रखर किरण तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे करतात. हे आयनांबर. शॉर्टवेव्हची लहर त्यात शिरली की वाकत वाकत पुन्हा जमिनीकडे वळते. कोलंबोहून निघालेली लहर अशी एका उडीत वऱ्हाडात उतरू शकते. आयनांबराचा सगळ्यात खालचा थर दिवसा या लहरी शोषतो, सूर्य मावळला की तो विरून जातो. म्हणून रात्री स्टेशन खणखणीत लागायचं.

आणि आवाज मधेच लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा, तो का? एकच गाणं एकाहून जास्त वाटांनी येतं. लहरी एकमेकींशी जुळल्या की आवाज भरतो, विरुद्ध पडल्या की बुडतो. वरचा थर सतत हलत असल्यामुळे हा खेळ थांबत नाही. ज्यांनी ती गाणी या हेलकाव्यांसकट ऐकली, त्यांना आजची स्वच्छ प्रत जरा परकी वाटते. मला त्यांचं अगदी पटतं.

पण आपली गाणी परदेशातून का ऐकावी लागली? १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचं पान दिलं, हे त्यांचं मोठंच काम. सिनेमातली गाणी मात्र तिथून जवळजवळ हद्दपार झाली. हा निर्णय चुकलाच. डिसेंबर १९५२मध्ये सिलोनवर गीतमाला सुरू झाली आणि देशभरच्या रेडिओचे काटे तिकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली.

त्याच १९५७मध्ये ‘आशा’ चित्रपट आला आणि त्यात ‘ईना मीना डीका’. हिंदीतल्या अगदी पहिल्या रॉक अँड रोल गाण्यांपैकी हे एक. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. संगीताची तालीम त्यांनी काही काळ नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडेही घेतली होती. असं सांगतात की खोलीबाहेर मुलं खेळताना इंग्रजी बडबडगीत म्हणत होती, तिथून गाण्याचा मुखडा सुचला. त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्दही मिसळले. अमेरिकेचा ठेका, गोव्याची साथ, मराठी माणसाची चाल! त्याआधी सी. रामचंद्रांचंच संगीत असलेल्या १९५१च्या ‘अलबेला’त गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरच दिसला होता.

आता याहून नवलाची गोष्ट. साधारण दहा ते तीस या वयातलं संगीत माणसाच्या मनात सगळ्यात घट्ट बसतं, हे मानसशास्त्रज्ञांना बरंच आधी दिसलं होतं. मानसशास्त्रज्ञ कॅरोल क्रमहॅन्सल यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या विशीच्या मुलांना १९५५पासूनची लोकप्रिय गाणी ऐकवली. मुलांना स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटली, हे अपेक्षितच. पण आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी आणि आवड जोडलेली निघाली, आणि १९६०च्या दशकातल्या गाण्यांशीसुद्धा! घरात मोठी माणसं जे ऐकतात, ते लहानांच्या मनात कुणी न शिकवता उतरतं. ओट्यावरचा ट्रान्झिस्टर एकट्याचा नसायचाच. माय स्वयंपाक करता करता ऐकायची, पोरं अभ्यास सोडून ऐकायची. कानात बोंडं घालून प्रत्येकाने वेगळं ऐकलं तर हे कसं उतरणार?

तेव्हा एवढं कराच. घरातल्या आबाजीला, आजीला त्यांचं आवडतं गाणं विचारा, ते मोठ्या आवाजात लावा आणि पोरांना जवळ बसवा. गाणं संपल्यावर ते पहिल्यांदा कुठे, कुणासोबत ऐकलं हेही विचारा आणि त्यांच्याच आवाजात मोबाइलवर नोंदवून ठेवा.