सातबारावरचे नाव आणि मालकी

सातबारावर नाव चढले म्हणजे जमीन आपली झाली, हा समज जळगाव-धुळ्यातही खोल रुजला आहे. वस्तुतः फेरफार महसुलासाठी असतो. त्याने मालकी निर्माण होत नाही. विकणाऱ्यालाच हक्क नसेल, तर नोंदणी झालेले खरेदीखतही तो देऊ शकत नाही.

तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहाद्यात सावकारी कर्जापायी आदिवासींच्या जमिनी परहस्ते गेल्या. १९७२ मध्ये त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. १९५७ ते १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद १९७४ च्या कायद्याने केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.

परंतु निकाल म्हणजे ताबा नव्हे. अंगठा उमटण्यापूर्वी कागद वाचून दाखविणारा साक्षर माणूस गावोगाव पुढे आला, तर कित्येक खटले उभेच राहणार नाहीत.